मातृभाषेचा रकाना

सरकारी कागदावर मी आयुष्यात पुष्कळ खोटं लिहिलं. प्राथमिक शाळेच्या मास्तराला त्यावाचून चालत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी गैरहजर पोरं हजर केली, शाळेत नसलेला नकाशा भिंतीवर आहे म्हणून कळवलं, भर उन्हाळ्यात ‘पावसामुळे हजेरी कमी’ असा शेरा एकदा घाईत मारला आणि साहेबांनी तो तसाच मंजूरही केला. त्यातलं काही मला छळत नाही. पण एका कागदावर मी एकच शब्द खोटा लिहिला आणि तो माझ्या मानगुटीवर बसला. त्याची चौकशी झाली नाही, शिक्षा झाली नाही, उलट त्याच्यामुळं मी एकदा मार खाता खाता वाचलो. आता नोकरी संपली, केस पिकले, तरी तो उतरायला तयार नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल, आई तिथंच जर्दा चाळायला जायची. घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं आम्ही भावंडं शिंकायचो आणि ती हसायची. आमच्या बौद्ध वस्तीतून शिकून मास्तर झालेले आम्ही तिघंच, त्यातला मी एक. मराठी शाळेत नोकरी लागली तेव्हा शाळेजवळ खोली बघायला लागलो. मी आधीच जात सांगून खोली मागायचो. नंतरचा अपमान टळतो. चार घरांत ‘आमचे पाहुणे येणार आहेत’ हे उत्तर मिळालं. एवढे पाहुणे त्या वर्षी निपाणीत कुठं उतरले असतील देव जाणे. पाचवं घर आक्काचं.

आक्का म्हणजे त्या घरातली थोरली बाई. साठीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा तंबाखूच्या व्यापारात, गावात वजन असलेला, त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णा माझी जात ऐकून जरा घुटमळले. आक्का आतून म्हणाली, मास्तर आहे ना, पोरांना शिकवतो ना, मग राहू दे की. आणि चहा घेऊन आली. कपबशी घरातलीच होती, खुंटीला वेगळी टांगलेली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे केलं ते या बाईशी केलं.

आता आमच्याकडच्या निवडणुकीबद्दल थोडं सांगायला हवं. भाषावार राज्यं पाडली तेव्हा आमचा मुलूख या बाजूला, कन्नड राज्यात राहिला, आणि तेव्हापासून आमच्याकडं निवडणूक कधी निवडणूक नव्हतीच, ते सार्वमत होतं. महाराष्ट्रात जायचं की इथंच राहायचं, एवढा एकच प्रश्न. उमेदवार कोण, त्यानं गटार बांधलं का, नळाला पाणी आणलं का, हे कुणी विचारत नसे. बाहेरगावचा माणूस विचारायचा, तुमचा आमदार काय करतो? आम्ही म्हणायचो, तो आम्हाला महाराष्ट्रात नेतोय. तो विचारायचा, कधी? मग आम्ही विषय बदलायचो.

घोषणा मीही दिल्या, घसा बसेपर्यंत दिल्या. ती मागणी चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. आपल्या भाषेत सातबारा वाचता यावा, आपल्या भाषेत कचेरीत भांडता यावं, यात गैर काय? आणि माझं आणखी एक होतं. मोर्चात माझ्या खांद्याला खांदा लावून जे चालत होते त्यांच्यातल्या कितीकांच्या घरात मला कधी पाणी मिळालं नव्हतं. मोर्चात मात्र मी ‘आपला माणूस’ होतो. त्या शब्दाची चटक लागते. ज्याला तो जन्मापासून फुकट मिळाला त्याला ती कळायची नाही.

सत्तरीचं दशक संपता संपता अशीच एक निवडणूक झाली. आम्ही जिंकलो, पण आमच्या केंद्रावर काही मतं उलटी पडली अशी बातमी आली. पेटीतली मतं कुणाची ते कसं कळणार? पण गल्लीला कळलं. गल्लीला सगळंच कळतं. ज्यांच्या घरात कन्नड बोलली जाते त्या घरांकडं लोक बघायला लागले. दूधवाला बदलला, पिठाच्या गिरणीत बोलणी थांबली, गणपतीची वर्गणी काही दारांवर मागितलीच गेली नाही. उलट्या बाजूनंही तेच. चार कन्नड घरांनी आपला वेगळा गणपती बसवला आणि आमच्या आरतीला यायचं सोडलं. आदल्या वर्षापर्यंत एकाच देवापुढं दोन्ही भाषांत आरत्या व्हायच्या आणि पोरं दोन्ही वेळेला झांजा बडवायची.

अण्णा आमच्या बाजूचे पुढारी. त्यांना एकदा हॉटेलात दहा माणसांत कुणीतरी ऐकवलं की, अण्णा, गाव मोजायच्या आधी आपली चूल मोजा. कारण आक्का कन्नड घरातली होती. त्यांच्या जातीत दोन्ही भाषांची घरं होती, सोयरीक जातीत व्हायची, मुलीची भाषा कुणी विचारत नसे. हुक्केरीकडच्या एका खेड्यातून नऊ वर्षांची असताना ती निपाणीत सून म्हणून आली. पन्नास वर्षं मराठीत जगली. आमच्या गल्लीत तिच्याइतकं ठसकेबाज मराठी कुणी बोलत नसे.

तिची कन्नड वर्षातून एकदाच घराबाहेर यायची, नागपंचमीला. तिचा भाऊ त्या दिवशी तिळाच्या आणि शेंगांच्या उंड्या, म्हणजे लाडूच, डब्यात घालून यायचा आणि दोघं कट्ट्यावर बसून दिवसभर बोलायची. मी खोलीतून ऐकायचो. एरवी सगळ्या घराला धाकात ठेवणारी ती बाई त्या दिवशी खिदळायची. हॉटेलातल्या त्या बोलण्यानंतरच्या पंचमीला अण्णांनी मामाला एस.टी. स्टँडवरच गाठलं. भांडले नाहीत, चांगलं जेवू घातलं, आणि सांगितलं की मामा, सध्या दिवस बरे नाहीत, घरी येऊ नका. डबा तेवढा घेऊन आले. आक्कानं डबा उघडला, पोरांना वाटला आणि झाकण धुऊन ठेवलं. भाऊ परत कधी आला नाही. पुढची पंचमी यायच्या आत तो वारला.

एक्क्याऐंशीच्या सुरुवातीला शिरगणती आली. त्या कामाला नेहमीप्रमाणं आम्ही मास्तर. तालुक्याला, चिकोडीला, त्या कामाचं आमचं शिक्षण झालं. साहेबानं तीनतीनदा बजावलं की, मातृभाषेच्या रकान्यात माणूस सांगेल तेच लिहायचं, मनाचं घालायचं नाही. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. कागद सगळे कन्नडमध्ये छापलेले. खात्याची परीक्षा देऊन मी कन्नड लिहायला शिकलो होतो, अडखळत का होईना भरता येत होतं. आणि येताना एस.टी.त आमच्या बाजूचाच एक थोरला मास्तर माझ्या शेजारी बसून म्हणाला की, मतदानात काय झालं ते झालं, आता हे खरं सार्वमत. आकडा दिल्लीला जातो. एक माणूस सुटता कामा नये. मी मान डोलवली. मला तर कुणी सांगायची गरजही नव्हती.

आक्काच्या घरी मी दुपारी गेलो. त्याच घराच्या पुढच्या खोलीत मी राहत होतो, तरी सरकारी पिशवी गळ्यात घालून उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक मारली. अण्णांनी खुर्ची दिली आणि भराभर सांगत गेले. मी, बायको, दोन पोरं, आई. पाच माणसं आणि पाचांची मराठी. एवढं सांगून त्यांना वखारीतून बोलावणं आलं म्हणून ते गेले. मी चार कागद भरले. पाचवा आक्काचा, तिला वय विचारायचं होतं म्हणून ठेवला.

वय तिला माहीत नव्हतं. लग्नापासून हिशेब केला. नाव विचारलं तर तिनं सासरचं सांगितलं, आणि मग जराशानं म्हणाली की हे ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव आहे, आधीचं दुसरं होतं. ते इथं कुणाला ठाऊक नाही. आता तिला तरी धड आठवतं का, याचीच तिला शंका. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मी हजार वेळा बघितलं होतं. माझ्या आईचंही बदललं होतं. तिचं जुनं नाव काय, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही मला ते सुचलं नाही.

मग मी तो रकाना वाचला. आई कुठली भाषा बोलायची? आक्का खाली बसली. तिनं माझ्या पेनाकडं बघितलं.

“नाव ह्यांनी दिल्यालं,” ती म्हणाली. “आडनाव ह्यांचं, गाव ह्यांचं. मत दिलं तेबी अण्णानं सांगितलं तिथंच शिक्का मारला. कोण काय म्हणतंय म्हणू दे, म्या तिथंच मारला. मत त्याचं. पर ही आईची बोली इचारतोस, तर ती कन्नड. लगीन झालं आन् सालभरात आई मेली. तिचं तोंड आठवत न्हाय रं मला. बोलणं आठवतंय. तेवढं तरी माझं म्हणून लिव्ह.”

मी म्हणालो, लिहितो आक्का.

आणि मी मराठी लिहिलं. ‘मराठी’ हा शब्द कन्नड अक्षरांत लिहिला, कारण कागदच तसा होता. खालच्या ओळीत येत असलेल्या इतर भाषा लिहायच्या होत्या, तिथं ‘कन्नड’ लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पेन हललेलं तिनं बघितलं. दोन शब्द झाले, एवढं तिला दिसलं. ती समाधानानं उठली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

का लिहिलं? भाडेकरू होतो, अण्णांना घाबरलो असं सांगितलं तर तुम्ही मला माफ कराल. पण तसं नव्हतं. अण्णांनी तो कागद कधीच बघितला नसता. मी तो खुशीत लिहिला. लिहिताना माझ्या डोक्यात ती बाई नव्हतीच, आकडा होता. एक वाढला, एवढंच. मत आणि आईची बोली ही एकच गोष्ट आहे, असा आम्हा सगळ्यांचा समज होता, आमच्या बाजूचा आणि त्यांच्याही बाजूचा. त्या निरक्षर बाईनं माझ्यासमोर बसून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या, आणि मला, शिकलेल्या मास्तराला, त्या दिसल्या नाहीत. खाली ‘कन्नड’ लिहिलंय की, मग काय बिघडलं, अशी मी स्वतःची समजूतही घातली. ती समजूत चहा संपेपर्यंत टिकली.

शिरगणतीत पुन्हा एक फेरी असते. महिना उलटताना परत घरोघर जायचं, मधल्या काळात कुणी जन्मलं, कुणी गेलं, ते बघून कागद दुरुस्त करायचे. त्या फेरीला मी आक्काच्या दारात उभा राहिलो तेव्हा तिचा कागद माझ्या पिशवीत होता. खोडून लिहायला परवानगी होती. पेन खिशात होतं. ती आतूनच आली आणि हळू आवाजात म्हणाली, “लिवलंस न्हवं?”

“व्हय आक्का, लिवलं,” मी म्हणालो.

कागद चिकोडीला गेले, तिथून बेंगळूरला, पुढं दिल्लीला. माझ्या मते विषय संपला. आणि खरं तर तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघालो तर आक्का कट्ट्यावर बसली होती. अण्णा घरात नव्हते. ती म्हणाली, “बा, कुंद्र.” म्हणजे ये, बस. पन्नास वर्षांत ती गल्लीतल्या कुणाशी कन्नडमध्ये बोलली नव्हती. मला वाटलं चुकून तोंडातून गेलं असेल. पण संध्याकाळी पुन्हा तेच. मग रोज. अण्णा आणि सूनबाई आसपास असली की मराठी, मी एकटा दिसलो की कन्नड. मी तिच्या आईची बोली सरकारदरबारी नोंदवून आलो होतो, म्हणून ती माझ्याशी त्या बोलीत बोलत होती. भाऊ गेल्यावर ती जागा रिकामी होती, तिथं तिनं मला बसवलं.

तिची कन्नड नऊ वर्षांच्या मुलीची होती. हे कळायला मला थोडे दिवस लागले, कारण माझीच कन्नड परीक्षेपुरती. भाडं, औषध, कचेरी, सून, आजारपण या गोष्टींना तिच्याकडं कन्नड शब्दच नव्हते, ते सगळं ती मराठीत शिकली होती. विहीर, शेळी, भूक, उंडी, केसांना तेल, आईचा मार, चिंचेचा कोवळा पाला, एवढंच तिला कन्नडमध्ये बोलता यायचं. त्यामुळं ती तेवढंच बोलायची. पांढऱ्या केसांची बाई मला सांगायची की आमची शेळी विहिरीत पडली होती, आणि अव्वा, म्हणजे आई, रडली. ‘अव्वा’ म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. घरात कुणीतरी लहान मूल बोलतंय आणि ते दिसत नाही, असं वाटायचं.

मी ऐकत बसायचो. उठून जायची छाती होत नसे, आणि खरं सांगायची तर नाहीच नाही. शाळेत शिकवताना मध्येच तो आवाज कानात यायचा. बाहेर पडायच्या आधी मी दाराआड उभा राहून कानोसा घ्यायला लागलो, कट्ट्यावर कुणी आहे का म्हणून. मागच्या बाजूनं वाट नव्हती, नाहीतर मी तिकडून गेलो असतो. दुसरी खोली बघावी असंही मनात आलं, दोन ठिकाणी चौकशीही केली. पण खोली बदलली तर ती त्या बोलीत कुणाशी बोलणार, या विचारानं राहिलो. की लोक पुन्हा जात विचारतील म्हणून राहिलो? दोन्ही असेल. अशी पाच वर्षं गेली.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि शाळेतल्या कन्नडवरून मुलूख पेटला. मराठी शाळांत कन्नड सक्तीची करायची, असं ठरलं आणि आमची माणसं रस्त्यावर आली. मग त्यांचीही आली. आमच्या पोरांनी पाट्यांना डांबर फासलं, त्यांच्या पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, आणि एस.टी. कुणाचीही असो, तिच्यावर दोन्हीकडून दगड पडले. अण्णांना पोलिसांनी उचलून बेळगावला तुरुंगात नेलं. शाळा बंद होत्या. मी सक्तीविरुद्ध पालकांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला होता, तेवढ्यावरून माझं नाव कुठंतरी गेलं.

दुपारी दीडच्या सुमाराला सातआठ तरणी पोरं गल्लीत आली. कन्नड बाजूची, आमच्या गावची नव्हती. त्यांनी माझं दार वाजवलं, मी उघडलं, आणि पुढच्या क्षणी मी कट्ट्याखाली होतो. चष्मा पडला. एकाच्या हातात सायकलची साखळी होती. गल्लीतली दारं पटापट लागली. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मी घसा फोडला त्यांचीही लागली. त्यांना मी दोष देत नाही, मीही लावलं असतं.

आक्का भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं बाहेर आली आणि कन्नडमध्ये बोलायला लागली. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, पन्नासपंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. तिच्याकडं मोठ्या माणसांचं कन्नड नव्हतंच, त्यामुळं ती लहान मुलगी भांडते तशी भांडली. ती म्हणाली, याला मारू नका. याला मारलं तर मी अव्वाला सांगेन. पोरं आधी हसली. मग कुणी हसेना. अडलं तिथं मराठी शब्द घालून ती पुढं म्हणाली की माझ्या लेकानं मराठी सांगितलं होतं तरी या मास्तरानं सरकारच्या कागदावर माझ्या अव्वाची बोली लिहिली. तुम्ही कन्नड कन्नड ओरडता, तुम्ही कुणी माझ्याशी कधी बोललात का?

साखळीवाला पोरगा खाली बघायला लागला. त्यातल्या एकानं तिला अज्जी म्हणून हाक मारली आणि काहीतरी समजावायला बघितलं. तिनं त्याला उभं राहू दिलं नाही. पोरं गेली. जाताना एकानं माझा चष्मा उचलून कट्ट्यावर ठेवला. आक्कानं माझ्या शर्टावरची माती झटकली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. अंगाला कुठं लागलं नव्हतं.

दहाबारा दिवसांनी अण्णा सुटून आले. हार, फटाके झाले, माणसं येऊन गेली. ती पांगली आणि कट्ट्यावर अण्णा, मी आणि तांदूळ निवडत बसलेली आक्का, तिघंच राहिलो. गल्लीनं तोवर अण्णांच्या कानावर सगळं घातलं होतं. त्यांच्या आईनं गल्लीत उभं राहून काय सांगितलं तेही. त्यांचा चेहरा ओढलेला होता. ते माझ्याकडं वळले.

“मास्तर, आई म्हणती ते खरं हाय? तुम्ही तिची कन्नड लिवली?”

आक्कानं सुपातून मान वर केली. ती निर्धास्त होती. थोडी ताठच बसली होती, कारण आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. लेकासमोर कुणीतरी तिच्या बाजूनं साक्ष देणार होतं.

मला ‘व्हय’ म्हणता आलं असतं. अण्णांनी मला फार तर खोलीबाहेर काढलं असतं, गद्दार म्हणून दोनचार दिवस गावभर केलं असतं. तेवढं सोसण्याइतकं त्या बाईनं माझ्यासाठी केलं होतं. पण मी म्हणालो, “न्हाय अण्णा. मराठीच लिवलं.”

पाच वर्षं पोटात ठेवलेलं खरं तेव्हा तोंडातून आलं ते आक्काला खरं सांगावं म्हणून आलं, की अण्णांच्या नजरेत ‘आपला माणूस’ राहावं म्हणून आलं? मी हा प्रश्न स्वतःला किती वेळा विचारला असेल, गणती नाही. उत्तर मला ठाऊक आहे. ते लिहायला हात वळत नाही, पण तुम्हालाही ते कळलं असेल.

अण्णांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांचं लक्ष आईकडं गेलं आणि तो हात हळूच निघाला. आक्कानं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग मला विचारलं, मराठीत विचारलं, “परत कवा येत्यात मोजाय?”

“पाच वर्सांनी,” मी म्हणालो.

“लई लांब हाय,” ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती वागली नाही. चहा पूर्वीसारखाच यायचा, त्याच कपबशीत. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, बायको बाळंत झाली तेव्हा आक्कानं डिंकाचे लाडू केले. माझ्या वडिलांच्या दिवसांना ती आमच्या वस्तीत येऊन बसली, आणि तिच्या घरातलं तिथं आलेलं ते पहिलंच माणूस. रोज बोलायची, भाजीचं, पोरांचं, गुडघ्याचं. सगळं मराठीत. मी एकटा असलो तरी मराठीत. एकदा मीच धीर करून कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, शेळीचंच. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, मास्तर, नळाला पाणी आलंय बघा. तोवर ती मला अरेतुरे करायची. ‘बघा’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

अशी तीन वर्षं गेली. अण्णा घरात पुष्कळ मऊ झाले होते. एका पंचमीला त्यांनी हुक्केरीकडच्या मामेभावाला आग्रह करून बोलावलं. तो आला, उंड्या घेऊन आला. आक्कानं त्याला मराठीत विचारपूस करून जेवायला वाढलं. त्याला मराठी नीट येत नव्हतं. तो अवघडून बसला आणि चार वाजताच्या एस.टी.नं गेला.

मग ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिची शुद्ध जायची, यायची. एका सकाळी नऊच्या सुमाराला सूनबाई धावत माझ्या खोलीच्या दारात आली. ती इचलकरंजीकडची, तिला कन्नड येत नव्हतं. पोरं कॉलेजला गेलेली, अण्णा डॉक्टरला आणायला. ती म्हणाली की आत्ती मघापासून कुणाशी तरी बोलतायत, सारखं काहीतरी मागतायत, मला कळत नाही, तुम्ही येऊन जरा सांगा काय हवंय ते.

मी गेलो. माजघरात शिरायच्या आधीच मला तो आवाज ऐकू आला, बारीक, भरभर, हट्ट करावा तसा. पाण्याचं काही होतं की केसांचं, मला नीट लागेना, म्हणून मी ऐकायला आणखी एक पाऊल पुढं टाकलं. आक्कानं मान वळवली. तिनं मला ओळखलं, आणि ती बोलायची थांबली.